जुन्या ईव्हीचा भाव कोणत्या वर्षाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातल्या छोट्या जाहिराती मी अग्रलेखाआधी वाचते, राग मानू नये. सवय नोकरीतली आहे. फोंड्यातल्या एका सहकारी पतसंस्थेच्या कर्ज विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. जुन्या गाडीसाठी कर्जाचा अर्ज आला की बाजारात काय भाव चालला आहे ते आम्ही या जाहिरातींतूनच काढायचो. अलीकडे त्यांत हिरव्या नंबरपाटीच्या, म्हणजे विजेवरच्या गाड्या (ईव्ही) दिसू लागल्या आहेत. मजकूर ठरलेला: 'इलेक्ट्रिक कार, २०२२, एकच मालक, कमी चाललेली, किंमत साडेनऊ लाख, घासाघीस नाही.' हे पत्र त्या साडेनऊ लाखांबद्दल आहे आणि त्याहून जास्त 'घासाघीस नाही' याबद्दल.

विकणाऱ्याने हा आकडा कुठून काढला असेल ते सांगते. टाटांची नेक्सॉन ईव्ही घेऊ, कारण ती सर्वांना माहीत आहे. जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात आली तेव्हा ३०.२ किलोवॅट-तासाच्या (म्हणजे तेवढ्या युनिटांच्या) बॅटरीसह शोरूम किंमत १३.९९ लाखांपासून सुरू होत होती. जुलै २०२२ मध्ये 'प्राइम' आली ती १४.९९ लाखांपासून. ज्याने त्या वर्षी गाडी घेतली त्याचे विमा वगैरे धरून सोळा लाख सहज गेले. आता तो साडेनऊला द्यायला निघाला आहे, म्हणजे त्याच्या हिशेबाने साडेसहा लाखांवर त्याने आधीच पाणी सोडले. आणखी खाली उतर म्हटले तर त्याला ती लूट वाटणार.

पण मधल्या काळात नव्या गाडीचे काय झाले? फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने किंमत उतरवली, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा उतरवली आणि जवळजवळ तेवढ्याच बॅटरीची नवी नेक्सॉन ईव्ही १२.४९ लाखांपासून मिळू लागली. चार वर्षांपूर्वीची पहिली किंमत होती तिच्याहूनही दीड लाख कमी, आणि गाडी बदललेल्या रूपाची, जास्त सोयींची. टियागो ईव्हीचेही तेच झाले. २०२२ मध्ये सुरुवातीची म्हणून जाहीर केलेली किंमत ८.४९ लाख होती, फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ७.९९ लाखांवर आली. पेट्रोल गाडीच्या बाबतीत आम्ही असे कधी पाहिले नव्हते. मारुतीची नवी गाडी दर जानेवारीला चार पैसे महागच होत असे, त्यामुळे जुनीचा भाव आपोआप टिकायचा. ईव्हीत उलटे आहे, कारण तिच्या किमतीचा मोठा वाटा बॅटरीचा असतो आणि बॅटरी जगभर स्वस्त होते आहे. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जा क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीप्रमाणे बॅटरी संचाचा सरासरी भाव २०२३ मध्ये किलोवॅट-तासाला १३९ डॉलर होता, २०२४ मध्ये ११५. एका वर्षात ही घट. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकरावरून १८ वर आला. ईव्हीचा ५ टक्के होता तो ५ च राहिला. म्हणजे शेजारच्या शोरूममधली पेट्रोल गाडीही स्वस्त झाली आणि तिचा दाब जुन्या ईव्हीवर पडला.

आमच्या संस्थेत सोनेतारण असे. पाटल्या घेऊन बाई आली की आम्ही त्या दिवशीचा भाव लावायचो. लेकीच्या लग्नात सोनाराला किती मोजले हे तिने सांगितले तर ऐकून घ्यायचो, पण लिहायचो आजचाच आकडा. ईव्हीच्या बाजारात मात्र विकणारा स्वतःच्या पावतीवरचा आकडा घेऊन बसला आहे आणि मध्यस्थ त्याला मान डोलावतात.

माझा भाचा कुर्टीला राहतो आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, बोरीच्या पुलावरून. रोज जाऊन-येऊन ठरलेले अंतर. ईव्हीसाठी याहून चांगला गिऱ्हाईक नाही. 'मावशी, तू बरोबर चल, तुला आकडे कळतात,' म्हणाला म्हणून म्हापशाकडे एका मध्यस्थाकडे गेले. गाडी चांगली होती, खोटे कशाला बोलू. २०२२ चीच. मागत होते साडेनऊ, शेवटी साडेआठवर आले. मी बॅटरीचे विचारले. 'बाय, बॅटरी एकदम बरी आसा,' एवढेच उत्तर. मग त्या गृहस्थाने भाच्याला कागदावर हप्ता काढून दाखवला आणि माझे कान टवकारले.

तो हिशेब इथे मांडते, कारण यात दोन्ही बाजूंनी फसायला जागा आहे. हातातले अडीच लाख घालायचे ठरवले. जुनी साडेआठ लाखांची घेतली तर सहा लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त आणि मुदत कमी असते. १३ टक्के आणि चार वर्षे धरली तर महिना सुमारे १६,१०० रुपये. नवी साडेबारा लाखांची घेतली तर दहा लाख कर्ज, ९ टक्के, सात वर्षे. हप्ता पुन्हा सुमारे १६,१००. मध्यस्थ म्हणाला, 'पाहा, हप्ता तेवढाच आणि तीन वर्षे आधी मोकळे.' नव्या गाडीच्या शोरूममध्ये गेलात तर तिथला पोरगा हाच कागद उलटा धरून म्हणेल, 'हप्ता तेवढाच, मग जुनी कशाला?' दोघेही हप्ता दाखवतात, बेरीज कोणी दाखवत नाही.

बेरीज अशी. जुनीला व्याजासह एकूण सव्वादहा लाख जातात, नवीला सोळा. पण जुनीवर कंपनीची बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, आणि ती पहिल्या नोंदणीपासून मोजायची. २०२२ ची गाडी २०२६ मध्ये घेतली तर हमी २०३० ला संपते. म्हणजे हप्तेही त्याच वर्षी संपणार. हमीतली चार वर्षे विकत घ्यायला सव्वादहा लाख, आणि नवीची आठ वर्षे घ्यायला सोळा. आठ वर्षांच्या गाडीचे शेवटी अडीच लाख आले असे दोन्हीकडे धरले तर जुनी वर्षाला एक लाख ९३ हजारांना पडते आणि नवी एक लाख ६९ हजारांना. साडेआठ लाखांची जुनी ही नवीपेक्षा महाग गाडी आहे! तीच सात लाखांना मिळाली तर? कर्ज साडेचार लाखांचे, बाकी सगळे तेच. वर्षाला एक लाख ४५ हजार. आता ती खरोखर स्वस्त झाली. विमा, टायर, वीज मी दोन्हीकडे सारखी धरली आहे. कोणाला बारकाईने करायचे तर करावे, पण कल फिरणार नाही.

सात हा आकडा माझ्या मनातला नाही. विमा कंपन्यांचे घसाऱ्याचे कोष्टक बघा. तीन ते चार वर्षांच्या गाडीला नव्याच्या किमतीतून ४० टक्के वजा, आणि ती किंमत नूतनीकरणाच्या वेळची, तुम्ही घेतली तेव्हाची नव्हे. १२.४९ लाखांचे ६० टक्के म्हणजे साडेसात लाखांच्या आत. पावसात खांडेपारची नदी चढली आणि गाडी पाण्यात गेली तर विमा कंपनी त्या आकड्याच्या आसपासच बोलेल. तुम्ही साडेआठ दिलेत, तर वरचा लाख तुमचा तुम्ही सोसायचा. विक्रेत्याने 'घासाघीस नाही' म्हटले की त्याच्याच विम्याच्या कागदावरची 'आयडीव्ही', म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, वाचून दाखवावी. भाच्याने वाचली. मध्यस्थाने चहा मागवला.

आता बॅटरी. आमच्या वेळी जुन्या गाडीच्या कर्जाआधी मूल्यांकन करणारा माणूस जाऊन यायचा, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा आणायचा आणि छापील नमुना भरून द्यायचा. मी निवृत्त होण्याच्या सुमारास पहिल्यांदा एका ईव्हीचा असा अहवाल टेबलावर आला. 'इंजिनाची स्थिती' या रकान्यात लिहिले होते, 'ठीक.' ज्या गाडीला इंजिनच नाही तिचे इंजिन ठीक! बॅटरीसाठी रकानाच नव्हता. तो नमुना आजही कित्येक ठिकाणी तसाच चालतो असे ओळखीचे लोक सांगतात, आणि त्यावर लाखांची कर्जे मंजूर होतात.

वास्तविक बॅटरीची प्रकृती हा काही गूढ विषय नाही. गाडीच्या संगणकात ती आकड्यात असते. नवी असताना शंभर टक्के, मग हळूहळू कमी. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र जोडले की आकडा निघतो, त्याचा छापील कागद मागता येतो. कागद द्यायला कोणी टाळाटाळ केली तर घरगुती उपाय आहे. गाडी २० टक्क्यांवर आणायची आणि ज्या सॉकेटवर चार्ज करता त्याला वेगळा सब-मीटर बसवून रात्रभर शंभरपर्यंत भरायची. ३० युनिटांच्या बॅटरीचे ८० टक्के म्हणजे २४ युनिटे. चार्जरमध्ये वाया जाते ते धरून मीटरवर २७ च्या आसपास दिसायला हवीत. २२ मध्येच भरली तर सुमारे पाचवा हिस्सा गेला असे समजावे. ढोबळ आहे, कारण टक्क्याचा काटा कधी कधी थोडा खोटे बोलतो, विशेषतः लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत, जी अधूनमधून पूर्ण भरली नाही तर काटा भरकटतो. तरी 'एकदम बरी आसा' यापेक्षा हे पुष्कळ बरे.

आणि 'कमी चाललेली' या दोन शब्दांचा दबदबा आता उतरला पाहिजे. पेट्रोल इंजिन झिजते ते चालून. बॅटरी चालून झिजते तशी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, आणि उकाड्यात, पूर्ण भरलेल्या अवस्थेत उभी ठेवली तर जास्त. परगावी असलेल्या मालकाची गाडी बंगल्याच्या पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे शंभर टक्के भरून उभी होती आणि काटा पंधरा हजार किलोमीटर दाखवतो; दुसरी रोज फोंडा-पणजी करून साठ हजार झालेली, घरच्या सॉकेटवर सावकाश भरलेली. मी दुसरीचा कागद आधी मागेन.

गोव्यात जुन्या ईव्हीविरुद्ध बोलावे असे माझ्या मनात नाही, उलट आहे. उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत गेलात तरी दीडशे किलोमीटरांच्या आत. बॅटरीची धारणा (वीज साठवायची ताकद) ८० टक्क्यांवर आलेली गाडी पुणे-नागपूरवाल्याला अडचणीची, आपल्याला नाही. वाळपईची शिक्षिका साखळीला जाऊन येते, डिचोलीचा कारकून पणजीला जातो, त्यांना तीनशे किलोमीटरची धाव हवी कशाला? चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट चढून बेळगावला जायचे त्या दिवशी तेवढा विचार करावा लागेल, एवढेच. म्हणून तर चिडचिड होते. ज्या राज्यात थकलेल्या बॅटरीची गाडीसुद्धा वर्षानुवर्षे कामाला येईल, तिथेच भाव असा फुगवून ठेवला आहे की माणूस हिशेब करून नवीकडे वळतो नाहीतर पेट्रोलवरच राहतो.

काही किरकोळ खर्च जाहिरातीत येत नाहीत. नव्या गाडीबरोबर सहसा चार्जर बसवून मिळतो. जुनीचा भिंतीवरचा चार्जर विकणाऱ्याच्या भिंतीवरच राहतो. आपल्या चिऱ्याच्या घरांत अर्थिंग हा वेगळा ताप आहे. मे महिन्यात जमीन कोरडी पडली की अर्थ कमजोर होतो आणि गाडी चार्ज घ्यायचे नाकारते. मग विक्रेत्याला शिव्या. आधी वायरमनला बोलावून अर्थ मोजून घ्यावा, खड्डा ओला ठेवावा.

भाड्याने फिरलेल्या गाड्यांकडेही लक्ष हवे. जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी जाहीर केले होते की जानेवारी २०२४ पासून नव्याने येणारी पर्यटक वाहने विजेवरचीच असतील. किती झाले किती राहिले तो वाद बाजूला ठेवू, पण पर्यटकांना भाड्याने दिलेल्या ईव्ही आज ना उद्या जुन्या बाजारात येणार हे उघड आहे. रोज फास्ट चार्जरवर भरलेली, रोज नव्या हातात गेलेली गाडी आणि घरची गाडी यांना एकच भाव लावू नये. परमिट सरेंडर करून गाडी खाजगी झाली तरी आरसीच्या (नोंदणी पुस्तकाच्या) नोंदींत तिचा इतिहास सापडतो, तो बघावा. आणि धंद्यासाठी वापरलेल्या गाडीला हमीच्या अटी वेगळ्या असू शकतात, ते पुस्तिकेत वाचावे.

हमीवरून आठवले. 'आजीवन हमी' हा शब्द हल्ली जोरात आहे. एमजी कंपनीच्या विंडसर या ईव्हीची आजीवन बॅटरी हमी पहिल्या मालकापुरती आहे. गाडी हातबदल झाली की आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरवर येते. याच गाडीत बॅटरी भाड्याने घ्यायचीही सोय होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाख आणि वर किलोमीटरमागे साडेतीन रुपये अशी ती आली. अशी गाडी स्वस्तात विकायला निघाली तर बॅटरी कोणाची, हा पहिला प्रश्न विचारा.

जीएसटीबद्दलही बरेच गैरसमज आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या ईव्हीचा दर १२ वरून १८ टक्के करण्याचे ठरले, तेव्हापासून मध्यस्थ 'सरकारने अठरा टक्के लावले' म्हणून साडेआठ लाखांवर दीड लाख सांगायला कमी करत नाहीत. तो कर फक्त नोंदणीकृत व्यापाऱ्याला आणि फक्त त्याच्या फरकावर आहे. सात लाखांना घेऊन साडेआठला विकली तर दीड लाखाचे १८ टक्के, म्हणजे २७ हजार. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याने घेतली तर शून्य. तरीही नव्या ईव्हीवर ५ आणि जुनीच्या फरकावर १८ ही रचना मला पटलेली नाही. जुन्या ईव्हीचा बाजार उभा राहायच्या आतच तिला पेट्रोलच्या रांगेत बसवली.

राज्याने २०२१ साली ईव्ही खरेदीला अनुदान सुरू केले आणि २०२२ मध्ये बंद केले. ज्यांच्या खात्यात ते जमा झाले, त्यांनी गाडी विकताना 'मला एवढ्याला पडली' असे सांगताना ती रक्कम वजा करूनच सांगावी. कोणी करत असेल असे वाटत नाही, म्हणून लिहिले.

वाहतूक खात्याला माझी विनंती आहे. नाव बदलताना फॉर्म २९ आणि ३० घेता, आधीचे कर्ज फेडलेले असेल तर ३५ घेता, विमा बघता. ईव्हीच्या बाबतीत गेल्या तीन महिन्यांतला बॅटरीचा दाखलाही जोडायला लावा. गाडी नापास करू नका, फक्त आकडा नोंदवा. भाव आपोआप खाली येईल. आमच्या पतसंस्थांनी तर खात्याची वाट बघू नये. मूल्यांकनाच्या नमुन्यात 'इंजिन' खोडून 'बॅटरीची धारणा, टक्के' आणि 'हमी संपण्याची तारीख' असे दोन रकाने छापायला ठराव लागत नाही, छापखाना लागतो.

संपादक महोदय, तुमच्या जाहिरात विभागालाही हेच सांगणे आहे. ईव्हीची जाहिरात घेताना ही दोन माहिती देणे सक्तीचे करा. एक ओळ वाढेल. तिचे पैसे जाहिरातदाराकडून खुशाल घ्या, आणि कोणी ती ओळ द्यायला तयार नसेल तर त्याची जाहिरात छापताना तिथे 'बॅटरी: माहिती दिलेली नाही' एवढे फुकट छापा.

भाच्याने अजून गाडी घेतलेली नाही. सात लाखांची, कागद असलेली, फोंडा-पणजी चाललेली कोणाकडे असेल तर तो बघायला येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त कर्ज अधिकारी
बांदोडे, फोंडा